नॉमिनॅटिमची मोठी आयात अर्ध्यावर अडते तेव्हा : नव्याने सर्व्हर उभारणाऱ्यांसाठी

ओपनस्ट्रीटमॅपच्या माहितीवर चालणारा नॉमिनॅटिम हा पत्ताशोधक स्वतःच्या सर्व्हरवर बसवण्याची वेळ बहुतेकांवर एकाच कारणाने येते. त्याचा सार्वजनिक सर्व्हर सर्वांसाठी खुला असला, तरी तिथे सेकंदाला एकापेक्षा अधिक विनंत्या पाठवता येत नाहीत आणि ग्राहकांच्या हजारो पत्त्यांची यादी रोजच्या रोज तिथून सोडवून घेणे त्या सेवेच्या धोरणात बसत नाही. मग स्वतःचा सर्व्हर घेतला जातो, सॉफ्टवेअर तासाभरात बसते आणि खरी परीक्षा सुरू होते ती माहिती आयात करताना. नॉमिनॅटिमच्या अधिकृत माहितीपुस्तिकेनुसार संपूर्ण जगाची फाइल आयात करायला नीट जुळवलेल्या, वेगवान एनव्हीएमई डिस्क असलेल्या यंत्रावर सुमारे अडीच दिवस लागतात. साध्या एसएसडीवर चार ते पाच दिवस धरावेत. एवढ्या लांबच्या कामात तिसऱ्या दिवशी टर्मिनलवर एरर दिसली की नवखा माणूस डेटाबेस पुसतो आणि तीच आज्ञा पुन्हा देतो. कारण न शोधता दिलेली ती आज्ञा बहुधा त्याच जागी पुन्हा अडते.

या लेखात वेगळा क्रम सुचवला आहे. आयात कोणत्या टप्प्यावर थांबली हे आधी ठरवायचे, मग कारण शोधायचे, आणि डेटाबेस पुसायचा की राखायचा हा निर्णय सर्वांत शेवटी घ्यायचा. विवेचन करताना ४.५ आणि त्यापुढच्या आवृत्त्या, म्हणजे पायथनच्या पिपमधून बसवता येणारे नॉमिनॅटिम, गृहीत धरले आहे. आज्ञा आणि सेटिंगांची नावे इथे देवनागरीत लिहिली आहेत. प्रत्यक्षात ती रोमन अक्षरांत टाइप करायची असून पोस्टग्रेसच्या (नॉमिनॅटिम ज्यात माहिती ठेवते त्या डेटाबेस-प्रणालीच्या) सेटिंगांमधले शब्द अधोरेखेने जोडलेले असतात.

आयातीचे टप्पे

आयात बाहेरून एकच आज्ञा दिसते, पण आत निदान चार वेगवेगळी कामे एकामागून एक चालतात आणि प्रत्येकाची भूक वेगळी असते. सुरुवातीला रिकामा डेटाबेस तयार होतो, त्यात पोस्टजीआयएस आणि एचस्टोअर ही विस्तारके बसतात आणि देशांची प्राथमिक कोष्टके भरली जातात. हे काम मिनिटांचे आहे. त्यानंतर ओएसएम-टू-पीजीएसक्यूएल हा स्वतंत्र प्रोग्राम पीबीएफ फाइल, म्हणजे ओपनस्ट्रीटमॅपची उतरवून घेतलेली माहिती, वाचून ‘प्लेस’ नावाचे कोष्टक भरतो. याला सर्वाधिक मेमरी लागते. तिसऱ्या टप्प्यात ‘प्लेस’मधली माहिती ‘प्लेसेक्स’ या मुख्य कोष्टकात जाते. मग चौथ्या टप्प्यात इंडेक्सिंग सुरू होते, म्हणजे प्रत्येक रस्ता कोणत्या गावात, गाव कोणत्या तालुक्यात आणि तालुका कोणत्या जिल्ह्यात पडतो याची गणना होते. एकूण वेळेचा मोठा वाटा इथेच जातो आणि डिस्कचा वेगही इथेच कसाला लागतो. शेवटी शोधासाठी लागणाऱ्या निर्देशिका तयार होतात आणि शब्दांची मोजदाद होऊन आयात पूर्ण होते.

ही रचना लक्षात ठेवण्याचे कारण असे की, दुसऱ्या टप्प्यात मोडलेली आयात वाचवता येत नाही आणि चौथ्या टप्प्यात मोडलेली जवळजवळ नेहमीच वाचवता येते.

पायरी १ : लॉग राखून ठेवावा आणि वरून खाली वाचावा

आयात सुरू करतानाच तिने टर्मिनलवर छापलेला सगळा मजकूर, एररच्या प्रवाहासह, ‘टी’ या आज्ञेने फाइलमध्येही वळवावा. टर्मिनलच्या खिडकीत जे वर सरकून गेले ते परत मिळत नाही. त्याचबरोबर आयात टीमक्स किंवा स्क्रीनच्या (जोडणी तुटली तरी सर्व्हरवर चालू राहणाऱ्या) सत्रातच चालवावी, कारण दूरच्या सर्व्हरवर एसएसएचने जोडलेले असताना घरचे इंटरनेट गेले की सत्र तुटते आणि त्याच्यासोबत आयातही मरते. अशा मरणाची खूण म्हणजे लॉगमध्ये एकही एरर नसते. तो वाक्याच्या मध्येच संपलेला असतो.

नवख्याची नजर लॉगच्या तळाशी जाते. तिथे पायथनचा लांबलचक ट्रेसबॅक (एरर कुठून कुठे पोचली याची यादी) छापलेला असतो आणि शेवटच्या ओळीत अमुक उपप्रक्रिया अपयशी ठरली एवढेच कळते. ही ओळ केवळ निरोप्या आहे. खरी एरर तिच्या बरीच वर, कधी शंभर ओळी वर, पोस्टग्रेसच्या किंवा ओएसएम-टू-पीजीएसक्यूएलच्या शब्दांत आलेली असते. म्हणून ‘एरर’, ‘फेटल’, ‘पॅनिक’ आणि ‘किल्ड’ हे शब्द लॉगमध्ये पहिल्यांदा कुठे येतात ते शोधावे आणि त्या जागेच्या आधीच्या दहा-वीस ओळी वाचाव्यात.

नॉमिनॅटिमचा लॉग पुरेसा बोलत नसेल, तर आणखी दोन साक्षीदार विचारायचे. पोस्टग्रेसचा स्वतःचा लॉग डेबियन आणि उबंटूवर ‘वार-लॉग’ खालच्या ‘पोस्टग्रेसक्यूएल’ या फोल्डरमध्ये असतो. कर्नलचा लॉग ‘डीमेसेज’ किंवा ‘जर्नलसीटीएल’ या आज्ञेने दिसतो. तिन्ही लॉगमधल्या वेळा शेजारी ठेवून पाहिल्या की कोणी कोणाला पाडले हे सहसा उघड होते.

पायरी २ : काय वाचवता येईल ते ठरवावे

ओएसएम-टू-पीजीएसक्यूएल चालू असताना लॉगमध्ये नोड (बिंदू), वे (रेषा) आणि रिलेशन (त्यांचे गट) यांची हजारांत मोजणी आणि वेग दिसत राहतो. आयात त्या ओळींच्या दरम्यान किंवा त्यांच्या लगेच नंतर थांबली असेल, तर तो डेटाबेस निरुपयोगी आहे. मूळ कारण दुरुस्त करून ‘ड्रॉपडीबी’ने डेटाबेस काढावा आणि नव्याने सुरुवात करावी. तो न काढता आज्ञा दिली, तर डेटाबेस आधीच अस्तित्वात असल्याची एरर येते आणि आपण भलत्याच प्रश्नाच्या मागे लागतो.

त्यापुढच्या टप्प्यांसाठी आयातीच्या आज्ञेला ‘कंटिन्यू’ हा पर्याय आहे आणि त्यापुढे टप्प्याचे नाव द्यायचे असते. ‘प्लेस’ भरले आहे पण ‘प्लेसेक्स’ भरताना काम अडले, तर ‘लोड-डेटा’ लिहावे. तेव्हा नॉमिनॅटिम ती कोष्टके रिकामी करून पुन्हा भरते, पण पीबीएफ फाइल पुन्हा वाचत नाही. लॉगमध्ये रँक (देशापासून इमारतीपर्यंतचा वस्तूचा स्तर), सेकंदाला किती आणि उरलेला अंदाजे वेळ अशा ओळी दिसत असतील, तर इंडेक्सिंग सुरू झालेले आहे आणि ‘इंडेक्सिंग’ हा शब्द पुरेसा आहे. सगळ्या रँक पूर्ण होऊन शेवटच्या निर्देशिका करताना काम थांबले असेल, तर ‘डीबी-पोस्टप्रोसेस’ द्यावे. या यादीत ‘इम्पोर्ट-फ्रॉम-फाइल’ असाही एक पर्याय दिसतो. तो डेटाबेसची तयारी वेगळी करून ठेवलेल्यांसाठी आहे. अर्धवट भरलेले ‘प्लेस’ त्याने पूर्ण होत नाही.

इंडेक्सिंग निर्धास्तपणे पुढे चालू करता येते, कारण ‘प्लेसेक्स’च्या प्रत्येक ओळीत ‘इंडेक्स्ड स्टेटस’ नावाचा रकाना असतो. काम झालेल्या ओळीत तो शून्य होतो आणि ती नोंद लगेच पक्की केली जाते, त्यामुळे मधेच प्रक्रिया थांबली तरी झालेले काम वाया जात नाही. किती उरले आहे हे पाहायचे असेल, तर हा रकाना शून्याहून मोठा असलेल्या ओळी मोजाव्यात. मात्र जगाच्या डेटाबेसवर ही मोजणीसुद्धा बराच वेळ घेते, म्हणून ती दर पाच मिनिटांनी करू नये.

पायरी ३ : फाइल खरी आहे का

बऱ्याच वेळा दोष सर्व्हरचा नसून उतरवलेल्या फाइलचा असतो. जगाची पीबीएफ फाइल ८० जीबीच्या पुढे गेली आहे आणि एवढी मोठी फाइल उतरवताना ती अपुरी राहणे मुळीच दुर्मीळ नाही. फाइल मधेच संपते तेव्हा ओएसएम-टू-पीजीएसक्यूएल ‘ट्रंकेटेड डेटा’ असे सांगते. ‘इनव्हॅलिड ब्लॉबहेडर साइझ’ असा संदेश आला, तर फाइलमध्ये पीबीएफच नाही अशी शक्यता मोठी. पत्ता चुकल्यामुळे किंवा मधल्या प्रॉक्सीमुळे एखादे एचटीएमएलचे पान त्या नावाने साठवले गेलेले असते. फाइलचा आकार पाहिला तरी हे लगेच कळते. जर्मनीतल्या कार्ल्सरूहे इथल्या जिओफाब्रिकच्या उतरवणी केंद्रावर प्रत्येक फाइलसोबत एमडी-५ ची तपासणी-संख्या दिलेली असते. ती जुळवण्यात काही मिनिटे जातात आणि वाचतात दिवस. ओस्मियम हे साधन हाताशी असेल, तर ‘फाइलइन्फो’ ही आज्ञा विस्तारित पर्यायासह चालवावी. ती फाइल टोकापर्यंत वाचते, त्यामुळे मधला बिघाडही उघड होतो.

‘नो डेटा इम्पोर्टेड बाय ओएसएम-टू-पीजीएसक्यूएल’ असा संदेश आला, तर फाइल वाचली गेली पण ‘प्लेस’ रिकामे राहिले असा त्याचा अर्थ आहे. निवडलेल्या आयात-शैलीत बसणारे त्या फाइलमध्ये काहीच नसले की असे होते. नॉमिनॅटिमसोबत ‘अॅडमिन’, ‘स्ट्रीट’, ‘अॅड्रेस’, ‘फुल’ आणि ‘एक्स्ट्राटॅग्ज’ अशा शैली येतात. कोणी हाताने छाटलेली फाइल वापरत असेल किंवा स्वतःची शैली लिहिली असेल, तर आधी तिथे पाहावे.

सरावासाठी संपूर्ण जग घेऊ नये, भारतसुद्धा नको. जिओफाब्रिकने भारताचे सहा विभाग केले आहेत आणि त्यांतल्या पश्चिम विभागात महाराष्ट्र, गोवा आणि गुजरात येतात. एवढी फाइल साध्या यंत्रावरही एका बैठकीत पूर्ण होते आणि सगळे टप्पे डोळ्यांदेखत पाहायला मिळतात. काम सिंधुदुर्ग, गोवा, बेळगाव आणि कारवार अशा सीमेलगतच्या पट्ट्यातले असेल, तर पश्चिम आणि दक्षिण हे दोन्ही विभाग लागतील. आयातीच्या आज्ञेत फाइलचा पर्याय दोनदा देऊन ते एकत्र आणता येतात. अट एकच : दोन्ही फाइली एकाच दिवसाच्या असाव्यात. एक आजची आणि एक महिन्यापूर्वीची घेतली, तर सीमेवरच्या वस्तू दोन वेगवेगळ्या रूपांत येतात आणि त्यातून होणारा गोंधळ पुढे कितीही तपासला तरी सुटत नाही.

पायरी ४ : मेमरीचा हिशेब कागदावर मांडावा

दुसऱ्या टप्प्यातल्या बहुतेक अपयशांचे मूळ मेमरीत असते. लॉगमध्ये एकटा ‘किल्ड’ हा शब्द, किंवा प्रक्रिया सिग्नल ९ ने मेल्याची ओळ दिसली, तर कर्नलच्या लॉगमध्ये ‘आउट ऑफ मेमरी’ शोधावे. लिनक्सची मेमरी संपली की कर्नल सर्वांत जास्त मेमरी खाणारी एखादी प्रक्रिया निवडून मारते. बळी कधी ओएसएम-टू-पीजीएसक्यूएल असतो, कधी पोस्टग्रेसची एखादी प्रक्रिया. पोस्टग्रेसची प्रक्रिया मारली गेली की दृश्य अधिक फसवे होते : एका प्रक्रियेच्या अशा अकाली अंतामुळे पोस्टग्रेस आपल्या बाकीच्या सगळ्या जोडण्याही तोडते आणि पूर्वस्थितीला येऊ लागते, त्यामुळे नॉमिनॅटिमच्या लॉगमध्ये फक्त ‘सर्व्हर क्लोज्ड द कनेक्शन अनएक्स्पेक्टेडली’ एवढेच उमटते. वाचणाऱ्याला वाटते की नेटवर्कमध्ये काही बिघाड आहे.

हिशेब असा मांडावा. पोस्टग्रेसचे ‘शेअर्ड बफर्स’ जेवढे ठरवले असतील तेवढी मेमरी पहिल्यापासून अडते. माहितीपुस्तिका २ जीबी सुचवते. ओएसएम-टू-पीजीएसक्यूएलला स्वतःच्या कामासाठी निदान २ जीबी लागतात आणि मोठ्या रिलेशनसाठी त्याहूनही जास्त. यावर नोडच्या जागा लक्षात ठेवण्यासाठीची कॅशे येते. ती ‘ओएसएम-टू-पीजीएसक्यूएल-कॅशे’ या पर्यायाने एमबीमध्ये ठरवतात आणि साधारणपणे पीबीएफ फाइलच्या आकाराइतकी ठेवतात. ही बेरीज यंत्राच्या मेमरीत आरामात बसली पाहिजे. बसत नसेल, तर कॅशे कमी करावी. स्वॅपच्या, म्हणजे मेमरी म्हणून वापरल्या जाणाऱ्या डिस्कवरच्या जागेच्या, भरवशावर मात्र राहू नये. ती वापरात आली की आयात मरत नाही, पण वेग इतका घसरतो की मेलेली बरी.

नवख्यांना हमखास पाडणारी जागा म्हणजे ‘मेंटेनन्स वर्क मेम’. पुस्तिकेत त्यासाठी १० जीबी हा आकडा आहे आणि तो मोठ्या सर्व्हरसाठी अगदी योग्य आहे. १६ जीबीच्या यंत्रावर तोच आकडा उतरवून ठेवला, तर पोस्टग्रेस सुरू होताना काहीच तक्रार करत नाही, फाइलही वाचून होते, आणि निर्देशिका बांधण्याची वेळ आली की एकदम मेमरी संपते. अशा यंत्रावर मी हा आकडा २ जीबीच्या वर नेणार नाही. ‘वर्क मेम’चे ५० एमबी हे एकूण नसून प्रत्येक जोडणीच्या प्रत्येक मोठ्या क्रियेसाठी असतात, म्हणून थ्रेड वाढवताना तोही गुणाकार मनात धरावा.

संपूर्ण जगासाठी पुस्तिका १२८ जीबी मेमरी सुचवते आणि ६४ जीबीहून कमी असल्यास मेमरीच्या तक्रारी करू नका असे स्पष्ट बजावते. हे वाक्य कठोर वाटते, पण त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. एवढे यंत्र परवडत नसेल आणि काम एका देशापुरते असेल, तर देशाचीच फाइल घ्यावी. जगभरचा शोध हवाच असेल, पण नॉमिनॅटिमची सगळी वैशिष्ट्ये नको असतील, तर नॉमिनॅटिमच्याच डेटाबेसवरून तयार होणाऱ्या फोटॉन या शोधयंत्राची बांधून ठेवलेली निर्देशिका ग्राफहॉपर कंपनी उतरवून घ्यायला देते. आयात टाळणे हाही काही वेळा रास्त तोडगा असतो.

पायरी ५ : डिस्कची जागा, आणि जागा नसल्याचा खोटा संदेश

जगाच्या आयातीला निदान १ टीबी जागा लागते. ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ हा संदेश दिसला की लोक ‘डीएफ’ चालवतात, त्यात बरीच जागा मोकळी दिसते आणि ते चक्रावतात. याची तीन कारणे संभवतात. पहिले असे की, आयात मेल्यावर पोस्टग्रेस आपल्या तात्पुरत्या फाइली काढून टाकते, त्यामुळे नंतर पाहिलेली मोकळी जागा त्या क्षणाची नसते. आयात चालू असतानाच दर काही मिनिटांनी जागेची नोंद एखाद्या फाइलमध्ये लिहीत राहावे. दुसरे असे की, आपण भलतेच विभाजन पाहत असतो : माहिती मोठ्या डिस्कवर जाईल असे गृहीत धरलेले असते, आणि पोस्टग्रेसचा फोल्डर मात्र मूळ, छोट्या विभाजनावर असतो.

तिसरे कारण डॉकर, म्हणजे सॉफ्टवेअर वेगळ्या कंटेनरमध्ये चालवणारे साधन, वापरणाऱ्यांचे आहे. संदेश नीट वाचला, तर त्यात ‘कुड नॉट रिसाइझ शेअर्ड मेमरी सेगमेंट’ असे आधी लिहिलेले असते. म्हणजे संपलेली जागा डिस्कवरची नसून कंटेनरच्या सामायिक मेमरीची आहे. वेगळे काही सांगितले नाही तर डॉकर ती ६४ एमबी एवढीच देते, आणि पोस्टग्रेस एकच काम अनेक प्रक्रियांत वाटते तेव्हा ती क्षणात भरते. कंटेनर सुरू करताना ‘एसएचएम-साइझ’ हा पर्याय १ जीबी किंवा अधिक द्यावा. एवढ्याने प्रश्न मिटतो, पण हे ठाऊक नसल्यामुळे लोकांनी नव्या डिस्क विकत घेतलेल्या आहेत. कंटेनरच्या बाबतीत आणखी एक पथ्य : डेटाबेसचा फोल्डर बाहेरच्या व्हॉल्यूमवर ठेवावा, अन्यथा कंटेनर काढला की आयातही गेली.

फ्लॅटनोड फाइलबद्दल थोडे विस्ताराने सांगायला हवे. युरोप किंवा जग अशा मोठ्या आयातीत नोडचे अक्षांश-रेखांश डेटाबेसऐवजी एका सपाट फाइलमध्ये ठेवले, तर वेळ आणि जागा दोन्ही वाचतात, आणि तेव्हा नॉमिनॅटिम मेमरीतली कॅशे आपोआप बंद ठेवते. या फाइलमध्ये प्रत्येक नोड-क्रमांकासाठी ८ बाइट राखलेले असतात. ओपनस्ट्रीटमॅपवरचे नोड-क्रमांक १२०० कोटींच्या पुढे गेले आहेत, म्हणजे फाइल १०० जीबीच्या घरात जाते. तिचा आकार आपण किती माहिती आणली यावर नव्हे, तर सर्वांत मोठ्या क्रमांकावर ठरतो, आणि नवा नोड गोव्यातही टाकला जातो, ग्रीनलंडमध्येही. म्हणून फक्त पश्चिम विभाग आयात करणाऱ्याने ‘मोठ्यांचे सेटिंग’ म्हणून फ्लॅटनोड चालू केले, तर काहीशे एमबीच्या फाइलसाठी १०० जीबीची डिस्क भरेल. छोट्या आयातीत ते बंदच असू द्यावे.

याला जोडूनच एक लपलेली चूक आहे. फ्लॅटनोडचा मार्ग प्रकल्पाच्या फोल्डरमधल्या ‘डॉट-ईएनव्ही’ फाइलमध्ये लिहिलेला असतो आणि नॉमिनॅटिम ती फाइल फक्त त्या फोल्डरमधून आज्ञा दिली तरच वाचते, किंवा ‘प्रोजेक्ट-डिर’ हा पर्याय दिला तर. दुसऱ्याच फोल्डरमध्ये उभे राहून आज्ञा दिली की सगळी सेटिंगे मूळपदावर जातात, तीही कुठलीही सूचना न देता. मेमरीचा हिशेब बरोबर असूनही आयात मरत असेल, तर हे जरूर पाहावे.

पायरी ६ : अडकले आहे की नुसते मंद आहे

इंडेक्सिंग चालू असताना चांगली चाललेली आयात निव्वळ अधीरतेने मारली जाते. काम आधी प्रशासकीय सीमांवर आणि नंतर रँकच्या चढत्या क्रमाने होते. खालच्या रँकमध्ये वस्तू थोड्या पण आकाराने अवाढव्य असतात. एखाद्या देशाच्या किंवा समुद्री क्षेत्राच्या सीमेला बराच वेळ लागणे स्वाभाविक आहे. रँक २६ मध्ये रस्ते येतात आणि रँक ३० मध्ये इमारती, घरक्रमांक, दुकाने, देवळे असे सगळे येते, म्हणून शेवटची रँक सर्वांत लांब चालते. प्रत्येक रँकच्या सुरुवातीला छापला जाणारा अंदाजे वेळ मोजक्या वस्तूंवरून काढलेला असतो. त्यावर विसंबून काहीही ठरवू नये.

खरोखर अडकले आहे का हे पाहण्यासाठी पोस्टग्रेसमधले ‘पीजी-स्टॅट-अॅक्टिव्हिटी’ हे दृश्य उघडावे. चालू असलेल्या क्वेरी थोड्या थोड्या वेळाने बदलत असतील, तर काम चालू आहे. एकच क्वेरी तासन्‌तास तशीच असेल, तर दोन शक्यता असतात : दुसऱ्या क्रियेने कोष्टकाला लावलेले कुलूप (लॉक) सुटण्याची ती वाट पाहत आहे, किंवा पोस्टग्रेसने चुकीची योजना निवडली आहे. पहिल्या बाबतीत दुसऱ्या टर्मिनलवर आपणच काही उघडे ठेवले आहे का ते पाहावे. दुसऱ्या बाबतीत आयात थांबवून ‘प्लेसेक्स’वर ‘अॅनलाइझ’ चालवावे आणि ‘कंटिन्यू इंडेक्सिंग’ने पुढे जावे. योजना चुकण्याचे नेहमीचे कारण म्हणजे वेग वाढेल या आशेने ऑटोव्हॅक्यूम बंद केलेले असणे. ते बंद करू नये. ते चालू असले तरच कोष्टकांची आकडेवारी ताजी राहते. ठरावीक एकाच वस्तूवर गाडी थांबत असेल, तर नॉमिनॅटिमच्या ‘अॅडमिन’ आज्ञेत ‘अॅनलाइझ-इंडेक्सिंग’ हा पर्याय आहे. त्या वस्तूचा ओएसएम क्रमांक दिला की वेळ कुठे गेला याचा तपशील मिळतो.

क्वेरी बदलत आहेत आणि तरीही वेग दयनीय आहे, असे असेल तर ‘आयओस्टॅट’ने डिस्क पाहावी. फिरत्या तबकडीच्या डिस्कवर जगाचे इंडेक्सिंग आठवडेच्या आठवडे चालू शकते आणि त्यावर सेटिंगांचा उपाय नाही. भाड्याच्या क्लाउड डिस्कचा प्रकार निराळा असतो : काही योजनांमध्ये सुरुवातीचा वेग साठवलेल्या श्रेयावर मिळतो, ते संपले की डिस्क मूळ, संथ गतीवर येते. पहिला दिवस वेगवान आणि दुसरा कूर्मगतीचा असेल, तर डिस्कच्या करारातला बारीक मजकूर वाचावा.

छोटे अडथळे

काही एरर आयात सुरू होताच येतात आणि तेवढ्याच लवकर सुटतात. पोस्टजीआयएस किंवा एचस्टोअरची ‘कंट्रोल’ फाइल सापडत नाही असे आले, तर पोस्टग्रेसच्या आपल्या आवृत्तीशी जुळणारे पोस्टजीआयएसचे आणि ‘कॉन्ट्रिब’चे पॅकेज बसवावे. ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ ही भूमिका अस्तित्वात नाही असे आले, तर ती ‘क्रिएटयूजर’ने तयार करावी, किंवा आपला वेब-वापरकर्ता वेगळा असल्यास त्याचे नाव सेटिंगमध्ये लिहावे. आयात करणाऱ्या वापरकर्त्याला पोस्टग्रेसमध्ये सुपरयूजरचा अधिकार लागतो, पण याचा अर्थ सर्व काही रूट म्हणून चालवावे असा नव्हे. पुस्तिका त्याविरुद्ध स्पष्ट इशारा देते. पाचव्या आवृत्तीपासून ओएसएम-टू-पीजीएसक्यूएल नॉमिनॅटिमसोबत येत नाही, ते वेगळे बसवावे लागते. यंत्राचे लोकेल यूटीएफ-८ असावे. ठिकाणांचे महत्त्व सांगणारी, विकिपीडियावरून काढलेली फाइल सापडली नाही अशी ओळ आली, तर ती केवळ सूचना आहे. आयात चालते, फक्त एकाच नावाच्या अनेक गावांमधले प्रसिद्ध गाव वर आणण्याची क्षमता कमी होते.

वीज, आणि बंद ठेवलेले एफसिंक

आयात लवकर व्हावी म्हणून पुस्तिका ‘एफसिंक’ आणि ‘फुल पेज राइट्स’ ही दोन सेटिंगे तात्पुरती बंद करण्यास सुचवते. लिहिलेली माहिती खरोखर डिस्कवर सुरक्षित पोचावी यासाठी ती असतात. यातला धोका नीट समजून घ्यावा. एफसिंक बंद असताना पोस्टग्रेसची एखादी प्रक्रिया मेली, तर लिहिलेले पान कार्यप्रणालीच्या हाती सुखरूप असते आणि इंडेक्सिंग पुढे चालू करता येते. पण वीज गेली किंवा कर्नलच कोसळली, तर डिस्कवर काय पोचले आणि काय नाही याची कसलीही हमी नसते. असा डेटाबेस वरवर उघडतो, शोधही देतो, आणि महिन्याभराने एखादे पान वाचता येत नाही म्हणून मोडतो. अशा वेळी तो पुसून पुन्हा सुरुवात करणे हाच शहाणपणा आहे. कार्यालयातल्याच संगणकावर आयात करणाऱ्यांनी, आणि आपल्याकडे मे महिन्यात किंवा पहिल्या वळवाच्या पावसात वीज कशी वागते हे जाणणाऱ्यांनी, यूपीएसची सोय नसेल तर ही दोन्ही सेटिंगे चालूच ठेवावीत. वेळ वाढेल, पण इंडेक्सिंग राखता येईल.

आयात पूर्ण झाल्यावर

सर्वांत आधी ही दोन्ही सेटिंगे पुन्हा चालू करून पोस्टग्रेस नव्याने सुरू करावे. मग ‘अॅडमिन’ आज्ञा ‘चेक-डेटाबेस’ या पर्यायासह चालवावी. ती कोष्टके, निर्देशिका आणि अपुरे राहिलेले इंडेक्सिंग तपासते आणि जिथे उणीव असेल तिथे काय करावे हेही बहुधा सांगते. ‘कंटिन्यू’ने पूर्ण केलेल्या आयातीत ही तपासणी वगळू नये.

त्यानंतर हाताने शोध घेऊन पाहावा : कोल्हापूर आणि पणजी देवनागरीत, रोमनमध्ये, आणि माहितीतल्या एखाद्या बिंदूवरून उलट शोध, म्हणजे अक्षांश-रेखांश देऊन पत्ता काढणे. नाव एका लिपीत सापडते आणि दुसरीत नाही, असे झाल्यास आयातीला दोष देण्यापूर्वी ओपनस्ट्रीटमॅपवर त्या गावाला मराठी नावाचा टॅग आहे का ते पाहावे. घरक्रमांकांचेही तेच आहे. आपल्याकडच्या बहुतेक शहरांचे घरक्रमांक नकाशावर नोंदवलेलेच नाहीत, त्यामुळे ‘फ्लॅट क्रमांक ४, अमुक सोसायटी’ असा पत्ता निष्फळ ठरला, तर पुन्हा आयात करून तो सापडणार नाही.

माहिती पुढे ताजी ठेवायची नसेल, तर ‘फ्रीझ’ ही आज्ञा अद्ययावतीकरणासाठी लागणारी कोष्टके काढून टाकते आणि डिस्कवरची बरीच जागा मोकळी होते. त्यानंतर फ्लॅटनोड फाइलही काढता येते. ताजी ठेवायची असेल, तर दोहोंनाही हात लावू नये आणि ‘रेप्लिकेशन’ आज्ञा ‘इनिट’ पर्यायासह चालवण्याआधी सेटिंगमध्ये आपल्याच फाइलच्या बदलांचा पत्ता लिहावा. तो न लिहिता पुढे गेले, तर संपूर्ण जगाचे बदल महाराष्ट्र-गोव्याच्या डेटाबेसमध्ये येऊ लागतात. जिओफाब्रिकचे बदल दिवसातून एकदा येतात, म्हणून तपासणीचा कालावधीही ८६,४०० सेकंद ठेवावा. पश्चिम आणि दक्षिण असे दोन विभाग एकत्र आयात केले असतील, तर ही साधी पद्धत लागू पडत नाही. प्रत्येक विभागाचे बदल वेगळे उतरवून लावण्याची स्क्रिप्ट लागते आणि तिचा नमुना पुस्तिकेच्या प्रगत मांडणीच्या प्रकरणात दिलेला आहे.